वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडरबाई

दुखणेकऱ्यास वेल्लोरला न्यावें, असा सल्ला आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानीं पडला असेल. तें इस्पितळ ज्यांनीं स्थापिलें त्या बाईंचें चरित्र मात्र थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून तें येथें संक्षेपानें देत आहों. त्यांनीं किती रोगी बरे केले ह्यापेक्षां, बरें करणारे हात त्यांनीं कसे तयार केले, हें सांगण्याचा आमचा विशेष हेतु आहे.

आयडा हिचा जन्म ता. ९ डिसेंबर १८७० रोजीं मद्रास इलाख्यांत राणीपेट येथें झाला. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे इ.स. १८१९ त अमेरिकेहून सिलोनास व पुढें मद्रासेस आले. वडीलहि मिशनरी डॉक्टर होते. इ.स. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ तिनें बालपणीं पाहिला. पुढें शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्यावर, आपण मिशनरी व्हावयाचें नाहीं, असा तिनें मनाशीं निश्चय केला. इ.स. १८९० त आई आजारी पडल्यामुळें थोड्या दिवसांकरितां म्हणून ती तिंडिवनम् येथें आली.

तेथें एका रात्रीं तीन घरचे पुरुष एकामागून एक दाराशीं आले. त्यांत दोघे उच्च मानलेल्या जातींचे हिंदु असून एक मुसलमान होता. तिघांच्याहि तरुण बायका बाळंतपणांत अडल्या होत्या. आयडानें आपल्या वडिलांस नेण्याविषयीं त्यांस विनविलें. पण परपुरुषानें आपल्या स्त्रीस पाहावें, हें एकासहि मान्य झालें नाहीं. आयडास तर वैद्यकीचें ज्ञान मुळींच नव्हतें. सकाळ होईपर्यंत त्या तिघी मरण पावल्या.

वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, त्या रात्रीं गांवांत डॉक्टर नव्हता असें नाहीं. डॉक्टर होता, आणि जाण्याची त्याची तयारीहि होती. उणीव होती ती त्या उंबरठ्याच्या आंत जाऊं शकेल अशा हातांची. ही उणीव भरून काढण्यास आयडा पुन्हा अमेरिकेस गेली. ज्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजांत आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी शिकल्या, तेथेंच प्रथम तिचें शिक्षण झालें, आणि इ.स. १८९९ त कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन ती डॉक्टर झाली.

इ.स. १९०० च्या आरंभीं बाई परत आल्या, आणि त्याच वर्षीं त्यांचे वडील वारले. तेव्हां मिशनच्या बंगल्यांतच एका खाटेवर त्यांनीं काम सुरू केलें. एका अमेरिकन गृहस्थानें आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले होते. त्यांतून चाळीस खाटांचें इस्पितळ इ.स. १९०२ त उघडलें. पुढें बाई मोटारींतून खेडोपाडीं जाऊं लागल्या. प्रथम तें यंत्र पाहून लोक भिऊन पळत. पण मग ठरलेल्या दिवशीं रस्त्याच्या कडेस झाडाखालीं रोगी वाट पाहत बसूं लागले. एकीकडे इस्पितळ भरलेलें, दुसरीकडे हे रस्ते न संपणारे. दोन हातांनीं हें होणार कसें?

ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं शिकविण्यांत शोधिलें. इ.स. १९०९ त परिचारिकांची शाळा निघाली. मग ह्या देशांतील मुलींनाच डॉक्टर करावें, असें त्यांनीं ठरविलें. तीन अर्ज आले तरी पुष्कळ, असें कित्येक जाणत्यांचें मत होतें. अर्ज आले १५१! ता. १२ ऑगस्ट १९१८ रोजीं शाळा उघडली. साधनें तुटपुंजीं होतीं, आणि रोग्यांचा वेळ काढूनच धडे द्यावे लागत. विद्यार्थिनी मोटारींतून बाईंबरोबर जात, व्रण धुवीत, औषधें देत. अशा रीतीनें खेड्यांत काम कसें करावें, हें त्या खेड्यांतच शिकत. इ.स. १९२२ त पहिल्या चौदाजणी सनद घेऊन बाहेर पडल्या.

पुढें मोठें संकट आलें. इ.स. १९३८ च्या सुमारास सरकारानें ती सनद बंद करून विद्यापीठाची पदवी आवश्यक ठरविली. त्यासाठीं नव्या इमारती, जास्त खाटा व शिक्षक पाहिजेत. नाहीं तर शाळा मिटणार. बाई सत्तर वर्षांच्या झाल्या असतां इ.स. १९४१ त निधि जमविण्यास अमेरिकेस गेल्या. इ.स. १९४२ त पदवीचा वर्ग निघाला. संस्था टिकावी म्हणून पुरुषांसहि प्रवेश देणें प्राप्त झालें. जुन्या साहाय्यकर्त्यांपैकीं कांहींस तें रुचलें नाहीं. तरी बाईंनीं तें स्वीकारिलें, व इ.स. १९४७ त मुलगेहि तेथें शिकूं लागले. बाईंच्या मागून संस्थेची सूत्रें डॉ. हिल्डा लाझरस ह्या भारतीय बाईंच्या हातीं आलीं. हें पाहण्यास स्कडरबाई जिवंत होत्या. इ.स. १९६० च्या मे महिन्यांत कोडाईकानल येथें, वयाच्या ८९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

बाईंचे हात थांबले, पण काम थांबलें नाहीं. गांवोगांव एकट्यानें सेवा करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनीं ह्याचा विचार करावा. जो सर्व कांहीं स्वतःच करितो, तो थकला किंवा त्याची बदली झाली कीं काम बसतें. आपण ज्या दारांत जाऊं शकत नाहीं, तेथें जाईल असें कोणीतरी आपण आज शिकवीत आहों काय, हा प्रश्न प्रत्येकानें आपणांस विचारावा.