घराघरांतल्या भिंतीवर देव पोचवणारा चित्रकार : राजा रविवर्मा

जरीपटका (नागपूर) : दिवाळीची रंगरंगोटी सुरू झाली की घरातल्या जुन्या तसबिरी खाली उतरतात. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, हंसाशी बोलणारी दमयंती. काच तडकलेली, कागद पिवळा पडलेला. बऱ्याच तसबिरी मग परत भिंतीवर चढतच नाहीत. माळ्यावर जातात, नाहीतर थेट नदीत. मूळ चित्रं ज्यांच्या हातची, त्या राजा रविवर्मा यांची पुण्यतिथी २ ऑक्टोबरला येते. त्या दिवशी गांधी जयंती असल्यामुळे ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. पण आपल्या घरातलं रामायण-महाभारत डोळ्यांना दिसलं ते याच माणसामुळे.

भिंतीवर कोळशाने चित्रं

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूर गावचा. त्रावणकोरच्या राजघराण्याशी या कुटुंबाची सोयरीक होती, पण राजा म्हणून त्यांनी कुठे राज्य केलं नाही. लहानपणी ते कोळशाने घराच्या भिंती रंगवत. दुसऱ्या घरी पोराला मार बसला असता. इथे मामाने हात ओळखला, कारण मामा स्वतः चित्रं काढायचे. वयाच्या चौदाव्या वर्षी मामाने त्यांना तिरुवनंतपुरमच्या दरबारात नेलं.

तेव्हा तेलरंग आपल्याकडे नवीन होते. थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार दरबारात आला होता, पण शिकवायला तयार नव्हता. त्याने फक्त बघू दिलं. रविवर्मा बघून बघून शिकले. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं, व्हिएन्नातही बक्षीस मिळालं. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रं गेली. ज्या वर्षी स्वामी विवेकानंद तिथे बोलले, तेच हे वर्ष.

बडोद्याची चौदा चित्रं

त्यांच्या आयुष्याला वळण दिलं ते मराठी राजाने. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली. काम सुरू करण्याआधी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजराज वर्मा देशभर हिंडले. कुठल्या भागात बाया लुगडं कसं नेसतात, दागिने कोणते घालतात, हे त्यांनी बघून घेतलं. त्यांच्या बऱ्याच चित्रांतल्या बाया आपल्या नऊवारीच्या वळणाने नेसलेल्या दिसतात, त्या त्यामुळेच.

ही चित्रं राजवाड्यात लागण्याआधी लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा मोठी गर्दी झाली. पण मूळ तैलचित्र विकत घेणं राजेरजवाड्यांचं काम. गरिबाच्या घरी ते कसं जाणार? दिवाण टी. माधवराव यांनी चित्रं छापायचा सल्ला आधीच दिला होता. १८९४ मध्ये रविवर्मांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं.

दगडावरची छपाई

ही छपाई दगडावर व्हायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्याच गोष्टीवर सगळं काम चाले. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की शाई फक्त रेघांवरच बसते. दर रंगाला वेगळा दगड लागे. एकच कागद अनेक दगडांवरून जायचा, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या साडीचा रंग उठायचा. वरून वॉर्निश, म्हणून ते चित्र तैलचित्रासारखं चमके. बायांनी घरी त्याच चित्रांवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिटकवून देवीला खरंखुरं लुगडं नेसवलं. जरीकाम केलेल्या अशा तसबिरी अजून कुठे कुठे सापडतात.

याचा परिणाम नुसता सजावटीपुरता राहिला नाही. ज्यांना त्या काळी देवळाच्या पायरीवर चढू देत नव्हते, त्यांच्याही घरात लक्ष्मी-सरस्वती थोड्या पैशांत आल्या. देवाला पाहायला कोणाची परवानगी लागली नाही.

नाव राहिलं, छापखाना गेला

धंद्यात मात्र रविवर्मा बुडाले. १८९६ पासून मुंबईत प्लेग शिरला होता. छापखाना घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज फिटलं नाही. शेवटी छापखाना आणि चित्रं छापायचा हक्क जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. श्लायशर यांनी तो चांगला चालवला. कॅलेंडरं आणि मालाची लेबलंही छापली. चित्र घराघरांत गेलं, पण पुढची कमाई काढणाऱ्याच्या हाती आली नाही. माल पिकवणारा एक आणि भाव घेणारा दुसरा, हे शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

याच छापखान्यात दादासाहेब फाळके काही काळ काम करत होते. पुढे १९१३ मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र हा सिनेमा काढला.

१९०५ मध्ये भाऊ गेला. उभ्या आयुष्याचा जोडीदार तो. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ ला, रविवर्माही गेले. त्यांच्या मागे काही कलावंतांनी त्यांची चित्रं विलायती वळणाची म्हणून हिणवली. पण १९७९ मध्ये सरकारने त्यांची मूळ चित्रं राष्ट्रीय ठेवा ठरवली. ती आता देशाबाहेर विकता येत नाहीत.

तसबीर काढण्याआधी हे बघा

चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात रविवर्मा प्रेस, मळवली किंवा कार्ला-लोणावळा असं छापलेलं आहे का, ते पाहा. असेल तर ती जुनी छपाई असू शकते. ओल्या फडक्याने पुसू नका, ऊन आणि ओल लागणाऱ्या भिंतीवर टांगू नका. काच फुटली असेल तर फक्त काच बदला, कागद कापू नका. नवीन तसबीर लावायची असेल तरी अडचण नाही. या चित्रांचा हक्क कधीच संपलाय, कोणालाही छापून घेता येतात. पण आजीच्या हातची जुनी तसबीर नदीत सोडण्याआधी एकदा उलटसुलट करून बघाच.