शिलकीच्या अंदाजपत्रकाला विचारलेला प्रश्न

लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले ही रत्नागिरी जिल्ह्याने दिलेली दोन नावे नेहमी जोडीने घेतली जातात, आणि ती घेतली की चर्चा जहाल-मवाळ वादाकडे वळते. दोघेही गणित शिकविणारे अध्यापक होते, ही गोष्ट त्या वादात मागे पडते. गोखल्यांच्या बाबतीत तरी ती मागे पडणे योग्य नव्हे. सरकारने स्वतःच छापलेले आकडे घेऊन त्यांचा रयतेच्या संदर्भात अर्थ लावणे, हे त्यांचे आयुष्यभराचे कार्य होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कोकणातील अनेकांप्रमाणे घाट चढून नोकरीसाठी कागलला गेले होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीस लागले आणि त्यांतील आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. आठ रुपयांत महिना निभावणाऱ्या विद्यार्थ्याला जमाखर्च म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले, पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय ते शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले.

खरे शिक्षण मात्र न्यायमूर्ती रानडे यांच्याजवळ झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहताना सरकारी अहवाल कसा वाचावा, कोणता आकडा कोणत्या आकड्याशेजारी ठेवावा, याची शिस्त त्यांना लागली. या शिक्षणात आणखी एका व्यक्तीचा वाटा होता, आणि तिचा उल्लेख आज क्वचितच होतो. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे लेख निनावी प्रसिद्ध होत. परंतु हिंदुस्थानच्या वसुलाचे व खर्चाचे आकडे त्यांच्याइतके जाणणारे त्या काळी फार थोडे होते. गोखल्यांच्या अनेक भाषणांमागे या शाळामास्तरांची तयारी होती, आणि गोखल्यांनी ते ऋण कधी नाकारले नाही.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. दादाभाई नौरोजी या कमिशनचे सभासद होते. तिशीतील या प्राध्यापकाची साक्ष उलटतपासणीतही टिकली, कारण प्रत्येक विधानामागे छापील आधार होता. याच मुक्कामात त्यांच्या आयुष्यातील अत्यंत कटू प्रसंगही घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोल्जरांकडून घरांच्या झडत्या चालल्या होत्या. पुण्याहून आलेल्या पत्रांवर भरवसा ठेवून गोखल्यांनी स्त्रियांवरील अत्याचारांचे गंभीर आरोप इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. स्वदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला, आणि पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची हेटाळणी झाली. ही माफी भ्याडपणाची होती असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. झडत्यांतील जुलूम खोटा होता असा या माफीचा अर्थ कोणी करू नये. ज्या लोकांवर संकट कोसळते तेच साक्षीसाठी उभे राहण्यास सर्वांत अधिक भीत असतात. तथापि खरी असू शकणारी गोष्ट आणि सिद्ध करता येणारी गोष्ट यांतील अंतर गोखल्यांना त्या वर्षी फार मोठी किंमत देऊन कळले. त्यानंतरची त्यांची भाषणे पाहावीत. तेथे ऐकीव माहितीला जागा नाही.

२६ मार्च १९०२ रोजी ते वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर प्रथम बोलले. सभासदांना त्या काळी अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता. ठरलेल्या दिवशी बोलावे आणि खाली बसावे एवढीच मुभा होती. सरकारच्या तिजोरीत त्या सुमारास वर्षामागून वर्षे शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. त्याच वर्षांत देशाने दोन भयंकर दुष्काळ आणि प्लेग सोसला होता. रयत उपाशी आणि तिजोरी भरलेली, हे कोडे गोखल्यांनी सोडवून दाखविले. सरकारला दरसाल विलायतेस पौंडांत रक्कम पाठवावी लागे. रुपयाचा भाव तेरा पेन्स असताना एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत; चांदीची टांकसाळ लोकांना बंद करून भाव सोळा पेन्सांवर नेल्यानंतर पंधरा रुपये पुरू लागले. भाव पडल्यामुळे तूट आली म्हणून जे कर वाढविले होते ते मात्र भाव चढल्यावरही तसेच राहिले. शिल्लक पडली ती येथून. ती लोकांच्या सुबत्तेतून आलेली नव्हती. गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला तो कर होता.

या विवेचनात शिल्लक हा आकडा खोटा आहे असे गोखल्यांनी म्हटले नाही. आकडा खरा होता, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. मिठावरील कराचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तोही याच रीतीने. १८८८ पासून मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. कर उतरताच मिठाचा खप वाढला, हे त्यांनी प्रत्येक टप्प्यावर मांडले. कारण खप वाढला याचा अर्थ आधी गरीब माणूस मीठसुद्धा काटकसरीने खात होता.

१९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला. जानेवारी १९११ मध्ये गोखल्यांनी वाढत्या सरकारी खर्चाच्या चौकशीचा ठराव मांडला आणि त्या चौकशीत बिनसरकारी माणसे हवीत असा आग्रह धरला. खर्च करणाऱ्यानेच खर्चाची तपासणी करावी ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. आजच्या मूल्यमापनाच्या परिभाषेत पुष्कळ भर पडली आहे, पण ही अडचण तेथेच आहे. ज्या खात्याने योजना राबविली त्याच खात्याकडून उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के झाल्याचा तक्ता वर जातो. तो भरणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनाला त्यातील सत्य ठाऊक असते. परंतु तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्याची रचना अत्यंत सावध होती. सरसकट सक्ती नव्हतीच. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथील स्थानिक संस्थेने इच्छा असल्यास सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती करावी, एवढीच तरतूद होती. म्हणजे पटावरची संख्या हाच कायद्याचा पाया. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी सक्तीचा प्रयोग प्रथम अमरेली भागात करून पाहिला आणि अनुभव घेऊन तो राज्यभर नेला होता. तो दाखला गोखल्यांच्या समोर होता. १९ मार्च १९१२ रोजी हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधात केवळ सरकारी अधिकारी नव्हते, काही हिंदी सभासदही होते, आणि ही गोष्ट विसरणे सोयीचे असले तरी विसरू नये.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा दौरा, पब्लिक सर्व्हिस कमिशनचे काम आणि ढासळत चाललेली प्रकृती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखल्यांचे निधन झाले.

परकीय सरकार दरसाल आपले हिशेब छापीत होते, म्हणून गोखल्यांना प्रश्न विचारता आले. स्वराज्यात २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत आणि २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. आकडाच नसेल तर उलटतपासणी कशाची करावयाची?

गोखल्यांच्या नावाने १९३० मध्ये पुण्यात अर्थशास्त्राची संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्यातून पाणी किती सोडले हे पाटबंधारे खात्याच्या दप्तरात होतेच. पाहणी करणारे गावोगाव फिरले ते ते पाणी आल्यावर शेतकऱ्याच्या घरात, शेतमजुराच्या रोजगारात आणि बाजारपेठेत काय पालटले, हे विचारण्यासाठी.