ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणाऱ्या शिक्षिका

गावातल्या अंगणवाडीवरून आपण रोज जातो, पण हा शब्द मुळात कुठून आला हे फारसे कुणी विचारत नाही. त्याचे मूळ ताराबाई मोडक यांच्या बोर्डीतल्या कामात आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न झाले, पण संसार फार काळ टिकला नाही. पुढे राजकोटला महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी असताना भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराविषयी त्यांना कळले आणि चांगली नोकरी सोडून त्या तिथे गेल्या. प्राचार्यपद सोडून चिमुरड्यांच्या शाळेत जाणे, हे तेव्हाच काय, आजही अनेकांना खुळेपणाचे वाटेल.

भावनगरला माँटेसरी पद्धत होती. मुलाने आधी हात, डोळे, कान वापरायचे, लहान-मोठे, खडबडीत-गुळगुळीत ओळखायचे. अक्षर आणि अंक मागाहून. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

माँटेसरीची साधने मात्र महागडी होती, शहरी पालकांना परवडणारी. खेड्यातल्या मुलांचे काय? हा प्रश्न घेऊन १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. मग शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. तीच अंगणवाडी. शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच इथली साधने. मोजायला शिंपले, वेगळे करायला बिया. आंघोळ, नखे कापणे, गाणी, गोष्टी हाही अभ्यासाचाच भाग होता.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. पहिली-दुसरीच्या वर्गातली गळती इथे उघड दिसे. मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली गेली. या रचनेला विकासवाडी म्हणत. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांना तेवढीही सवड नव्हती. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जात आणि गुरे चरत असतानाच शिकवत. ती कुरणशाळा. मुलांनी शाळेच्या वेळेत बसायचे की शाळेने मुलांच्या दिवसात, याचा निकाल ताराबाईंनी असा लावून टाकला होता.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी.