गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीविषयी चार शब्द लिहावेत, असे भगिनींनी मला सुचविले. मी काही लेखिका नव्हे. तरीही मोगूबाईंचे चरित्र मला जसे उमगले तसे सांगते.

मोगूबाईंचा जन्म गोव्यातील कुर्डी गावी 15 जुलै 1904 रोजी झाला. देवळातील भजन-कीर्तनाचे सूर लहानपणीच कानी पडले. मुलीने मोठी गायिका व्हावे हा आईचा, जयश्रीबाईंचा, ध्यास. त्यासाठी त्यांनी मुलीला नाटक मंडळीत घातले. पण 1914 मध्ये त्याच गेल्या. दहा वर्षांची पोर पोरकी झाली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिने 'सौभद्रा'तील सुभद्रा आणि 'पुण्यप्रभावा'तील किंकिणी रंगविली.

नाटक सुटल्यावर सांगलीस असताना एके दिवशी तिचा रियाज रस्त्याने जाणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी ऐकला आणि ते घरात येऊन शिकवू लागले. ते होते जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ! खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा मोगूबाईही मागोमाग गेल्या. परंतु त्यांची तालीम सहजी मिळाली नाही. मधली वर्षे इतर उस्तादांकडे शिकण्यात गेली. अखेर 1934 मध्ये खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला. तोवर त्यांनी धीर सोडला नव्हता.

मुले लहान असतानाच पती निवर्तले. तीन लेकरांचा भार एकटीवर आला. मोगूबाईंनी गाण्यावरच संसार ओढला. मैफलीला जाताना आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचा प्रवास आणि बाईमाणूस म्हणून वाट्यास आलेली उपेक्षा त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी जवळून पाहिली. पुढे किशोरीताई स्वतःच्या मानासाठी इतक्या दक्ष राहिल्या, त्याचे मूळ येथेच आहे. मोगूबाईंना 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व 1974 मध्ये पद्मभूषण मिळाले. 10 फेब्रुवारी 2001 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाच्या खुणा वर येतात. हे वाचले आणि मला आपली वालूरची बारव आठवली. गाळ निघाला तशा तिच्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या.

आता थोडे माझे सांगते. यजमान गेल्यावर मी भजनात गाणे सोडले होते. कुणी मनाई केली नव्हती. पण लोक काय म्हणतील ही भीती होती. मोगूबाईंच्या घरी दुःखानंतर गाणे थांबले असते, तर लेकरे उपाशी राहिली असती. हे ध्यानी आले आणि गेल्या एकादशीस मी पुन्हा टाळ हाती घेतले. आवाज जरा कापला. शेजारच्या वहिनींनी सूर धरला, आणि अभंग पुरा झाला.

आपल्यापैकी ज्या भगिनी अशाच गप्प बसल्या असतील, त्यांनी येत्या एकादशीस अवश्य यावे, ही नम्र विनंती.