पहाटेचे पदयात्री : आचार्य विनोबा भावे

सूर्योदयाची वाट न पाहता चालू लागणे, हा आचार्य विनोबा भावे यांचा तेरा वर्षांचा नित्यक्रम होता. पहाटे तीनच्या सुमारास उठावे, प्रार्थना करावी आणि गाव झोपेत असतानाच पुढच्या गावाची वाट धरावी. पुढे कंदील, मागे मूठभर सहकारी आणि मध्ये हा कृश देहाचा, झपाझप चालणारा पुरुष. उन्हे तापण्यापूर्वी दहा-बारा मैलांची मजल पुरी होई.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास गेले आणि परप्रांतातील त्या मराठी घरातच विनायकाचे शिक्षण झाले. आई रुक्मिणीबाई यांच्या मुखातून संतांचे अभंग कानी पडत. गीता मराठीत असावी, ही त्या माऊलीची इच्छा पुत्राने पुढे ‘गीताई’ रचून पूर्ण केली. मैलोन् मैल पायी हिंडण्याचा छंद त्याला बडोद्यातच लागला. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि थेट काशीला गेला. त्याच वर्षी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींच्या सहवासात आला.

पुढील तीन दशके आश्रमात, अध्ययनात व तुरुंगात गेली. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेकडील चारही भाषांचा अभ्यास केला. या साधनेचा उपयोग कोठे होणार, हे तेव्हा कोणालाच दिसत नव्हते.

८ मार्च १९५१ रोजी ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पवनारहून पायी निघाले. तेव्हा तेलंगणात जमिनीच्या प्रश्नावरून रक्तपात चालला होता. संमेलनानंतर विनोबा त्याच भागात हिंडू लागले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न गावासमोर ठेवताच रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. भूदानाचा उगम झाला तो असा.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीस जातानाही त्यांनी वाहन घेतले नाही. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा असे प्रांतामागून प्रांत ते चालत गेले. वय साठीकडे झुकलेले, जठरव्रणामुळे आहार जवळजवळ दह्यादुधाचाच. १९५२ च्या अखेरीस चांडील येथे मलेरियाने त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. १९५३ मध्ये देवघर येथे हरिजनांसह मंदिरात जाऊ पाहताना त्यांनी मारहाण सोसली. पाच वर्षांनी पंढरपुरात मात्र सर्वधर्मीय सहकाऱ्यांसह त्यांना विठ्ठलाचे दर्शन घडले. ज्या वाटेने शतकानुशतके वारकरी येत राहिले, तेथे हा वारकरीही पायीच पोहोचला.

देशभर घड्याळ एकच, परंतु सूर्य काही सर्वत्र एकाच वेळी उगवत नाही. आसामात ऐन उन्हाळ्यात पहाटे साडेचारच्या सुमारासच उजाडते. गुजरातेत पौष-माघात सात वाजून गेले तरी सूर्य दिसत नाही. विनोबा या दोन्ही टोकांना चालले. पश्चिमेकडील हिवाळ्यात दोन-तीन तास काळोखच तुडवावा लागे. कंदिलाचा उजेड दोन-चार पावलांपलीकडे पोहोचत नसे; तेवढ्यावरच वाट सरे आणि पुढची दोन-चार पावले दिसू लागत.

त्यांच्या कार्याचे फलही असेच पावलापावलाने उजळले आणि पुरते उजळले नाही. पाच कोटी एकरांचा संकल्प होता. मिळाली चाळीस लाखांहून थोडी अधिक. त्यातील बरीच जमीन खडकाळ वा वादग्रस्त निघाली, कितीएक एकर भूमिहीनांच्या हाती पडलेच नाहीत. हे उणे झाकण्याचे कारण नाही. तथापि कायदा वा शस्त्र यांवाचून, केवळ दारी जाऊन मागितल्याने लाखो एकर जमीन दिली गेली, हेही तितकेच खरे आहे. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, तीही याच पायी फिरस्तीत.

१९६४ च्या एप्रिलमध्ये ते धाम नदीकाठी पवनारला परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न व औषध वर्ज्य करून, त्यांनी तेथेच देह ठेवला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

उजाडल्यावर निघणारे पुष्कळ असतात. विनोबा काळोखात निघत, त्यामुळे सूर्योदय त्यांना नेहमी वाटेतच भेटला.