मॅपवर रस्ता शोधण्याची पद्धत देणारे डायक्स्ट्रा आयुष्यभर भांडले ते सॉफ्टवेअरमधल्या चुकांशी

मोबाईलवर मॅप उघडायचा, ठिकाण टाकायचं, की जवळचा रस्ता निळ्या रेषेत समोर येतो. यामागच्या गणिताची मूळ पद्धत १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत सापडली. एक डच तरुण होणाऱ्या बायकोसोबत खरेदी करून दमला होता. दोघं कॉफी प्यायला बसले आणि वीसेक मिनिटांत त्याने डोक्यातल्या डोक्यात उत्तर काढलं. कागद नाही, पेन नाही.

त्या तरुणाचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा.

जगाला ते या शोधामुळे माहिती आहेत. पण त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. मॅप चुकला तर यू-टर्न मारता येतो. विमान, रॉकेट किंवा कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देणारं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर चुकलं तर काय?

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितात हुशार. पोराला खरं तर वकील होऊन संयुक्त राष्ट्रांत जायचं होतं. पण मार्क विज्ञानात भरपूर पडले आणि ते लायडन विद्यापीठात फिजिक्स शिकायला गेले. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक छोटा कोर्स केला आणि गाडी रूळ बदलून गेली. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रामर म्हणून नोकरी लागली.

तेव्हा प्रोग्रामर हा धंदा कुणाला माहितीच नव्हता. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी लग्न करताना डायक्स्ट्रांनी फॉर्मवर व्यवसाय म्हणून प्रोग्रामर लिहिलं. पालिकेने ते मान्यच केलं नाही. शेवटी त्यांना भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली.

त्याच काळात एक्स-१ नावाचा नवा कम्प्युटर तयार होत होता. इंजिनिअर मंडळींनी त्यात नवी सोय आणायचं ठरवलं. कम्प्युटर एक काम करत असताना बाहेरून सिग्नल आला, की हातातलं काम बाजूला ठेवून तो तिकडे बघणार आणि नंतर पहिल्या कामावर परत येणार.

ऐकायला भारी. डायक्स्ट्रांना मात्र घाम फुटला. कारण सिग्नल कधी येईल याचा नेम नाही. म्हणजे तोच प्रोग्राम दोनदा चालवला तर दोन्ही वेळा सारखा वागेलच असं नाही. चूक शंभरदा लपेल आणि एकशे एकाव्या वेळी डोकं वर काढेल. शोधायला गेलात तर पुन्हा गायब. त्यांनी बरेच दिवस होकार अडवून धरला. शेवटी ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं आणि १९५९ मध्ये त्यावरच त्यांची पीएचडी झाली.

इथून त्यांचा खरा विषय सुरू झाला. एकाच वेळी चालणारे दोन प्रोग्राम एकाच गोष्टीला हात घालायला गेले तर काय करायचं? रेल्वेच्या सिंगल लाईनवर एका वेळी एकच गाडी सोडतात, तसाच नियम त्यांनी प्रोग्रामसाठी बसवला. नावही रेल्वेच्या सिग्नलवरूनच दिलं, सेमाफोर. या विषयावरचा त्यांचा महत्त्वाचा पेपर १९६५ मध्ये छापून आला.

१९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्यानंतर काही महिन्यांनी रोमच्या एका परिषदेत डायक्स्ट्रांना अपोलोच्या प्रोग्रामिंगची माहिती असलेला आयबीएमचा एक जण भेटला. एवढं सॉफ्टवेअर इतकं अचूक लिहिलं कसं, असं डायक्स्ट्रांनी विचारलं. उत्तर ऐकून ते हादरले. एका प्रोग्राममध्ये चंद्राचं गुरुत्वाकर्षण यानाला ओढण्याऐवजी ढकलत होतं, आणि ही चूक योगायोगाने सापडली होती. हा किस्सा ते म्हातारपणीही सांगायचे.

आता तुम्ही म्हणाल, टेस्टिंग कशासाठी असतं मग?

त्यावर डायक्स्ट्रांचं गणित तयार होतं. एक्स-१ मध्ये २७ बिटच्या दोन आकड्यांचा गुणाकार व्हायचा. अशा आकड्यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटलं, तर त्या कम्प्युटरला दहा हजारांहून जास्त वर्षं लागली असती. हा फक्त गुणाकार झाला, अख्खा प्रोग्राम नाही. म्हणजे टेस्टिंगमध्ये चूक सापडली तर कळतं की चूक आहे. सापडली नाही, तर ती नाहीच असं म्हणता येत नाही.

त्यांचं म्हणणं असं की प्रोग्राम गणितातल्या सिद्धतेसारखा लिहा. छोटे, स्वच्छ तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा बरोबर का आहे ते आधी सिद्ध करा. १९७२ मध्ये त्यांना कम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. इंडस्ट्री मात्र म्हणायची, एवढा वेळ आणि पैसा कुणाकडे आहे?

१९८४ मध्ये ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवायला गेले. दोन वर्षांनी त्याच टेक्सासमधल्या टायलर शहरात थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनने दोन पेशंटना प्रचंड जास्त डोस दिला. दोघंही दगावले. ऑपरेटरने चुकीचा मोड निवडून तो आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर मशीनच्या एका भागाला तो बदल कळतच नव्हता. सावकाश टाईप केलं तर सगळं सुरळीत. एकाच माहितीला हात घालणाऱ्या दोन कामांची ही गल्लत डायक्स्ट्रा १९६५ पासून सांगत होते. त्यात या मॉडेलमध्ये जुन्या मशीनमधली हार्डवेअरची सुरक्षा काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती.

१९८८ मध्ये डायक्स्ट्रांनी बग या शब्दावरच हल्ला चढवला. बग म्हटलं की वाटतं, किडा कुठून तरी आपोआप आत शिरला. तो शिरत नाही, प्रोग्रामर ठेवतो. म्हणून त्याला सरळ चूक म्हणा, असा त्यांचा आग्रह होता.

पण सिद्धतेने सगळं सुटतं का? नाही. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ जण गेले. तिथलं सॉफ्टवेअर सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं. एकाच सेन्सरवर विश्वास ठेवून विमानाचं नाक खाली दाब, हे सांगणंच घातक होतं. प्रोग्राम सांगितल्यासारखा वागतो का, हा एक प्रश्न. सांगितलं तेच बरोबर आहे का, हा दुसरा. डायक्स्ट्रांनी हे दोन्ही वेगळे ठेवले होते आणि आपण पहिल्याचं उत्तर देतोय हे ते स्पष्ट सांगायचे.

त्या पहिल्या प्रश्नाचं काम वाया गेलं नाही. १९९८ मध्ये पॅरिसमध्ये मेट्रोची १४ नंबरची लाईन सुरू झाली. गाडीत ड्रायव्हर नाही. तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने सिद्ध केलं, तिचा पाया डायक्स्ट्रांच्या गणितात आहे.

ते स्वतः वर्षानुवर्षं फाऊंटन पेनने लिहीत राहिले. तेराशेहून जास्त टिपणं लिहिली, त्यांच्या झेरॉक्स हातोहात जगभर फिरायच्या. ६ ऑगस्ट २००२ ला नेदरलँड्समधल्या न्यूनन गावी कॅन्सरने त्यांचं निधन झालं. पॅरिसची ती विनाड्रायव्हरची मेट्रो आजही धावते आहे.