समितीत नसलेली बाई

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. शिरूर-दौंडकडच्या मंडळींना तिथलं मुक्ती मिशन ठाऊक असतं. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा समित्यांशी आलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, पती पटकीने दगावले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. विषय शिक्षणाचा होता, तरी त्यांनी स्त्री डॉक्टरांची मागणी केली. पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवायची लाज वाटते म्हणून बायका उपचाराविना मरतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

गट चर्चा करतो ती बहुधा सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकट्याकडेच असलेली माहिती मागे पडते. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून दाखवलं. रमाबाईंकडची माहिती नेमकी अशीच होती.

१८९७ च्या प्लेगमध्ये याचं उग्र रूप दिसलं. पुण्याची प्लेग समिती रँडसाहेब आणि दोन लष्करी अधिकारी अशी तिघांची. तिघेही गोरे, तिघेही पुरुष. रोगी शोधून वेगळे करायचे हा हेतू वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता. पण घरात शिपाई शिरले की लोक रोगी लपवतात, हे समितीला कोण सांगणार? तक्रारी आल्या, त्या अडाणीपणाच्या खात्यात गेल्या. आधी ठरवलेल्या मताला सोयीचा तेवढाच पुरावा दिसणं, याला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात. प्लेगच्या रुग्णालयात बायकांना कसं वागवलं जातं, यावर रमाबाईंनी वृत्तपत्राला पत्र लिहिलं. सरकारने ते निराधार ठरवलं.

रमाबाईंच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. शारदा सदनातल्या मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले होते. त्यानंतर बाईंना तोंडावर नाही म्हणणारं पुण्यातलं मंडळ उरलं नाही. हेही नुकसानच.

प्लेगच्या दिवसांत दुष्काळग्रस्त मुलींची गर्दी पुण्यात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे कारण कळायच्या आधीच या मुली दाट वस्तीतून मोकळ्या रानात पोचल्या होत्या.

तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर मुलींची संख्या हजारांत गेली. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच रमाबाईंचं निधन झालं.